मंडईला न गेलेले सर

आमच्या सरांना कुणी "चहा घेता का?" असं विचारलं, की ते आधी शर्टाच्या खिशातून खडू काढत. थट्टा नाही करत, खरंच काढत. विचारणारा बिचारा कप घेऊन उभा, आणि सर उकिडवे बसून त्याच्याच ओट्यावर चार खणांची चौकट आखताहेत. वरच्या बाजूला 'मी घेतला' आणि 'मी नाही घेतला'. डाव्या बाजूला 'त्यानं मनापासून विचारलं' आणि 'त्यानं उगाच विचारलं'. मग प्रत्येक खणात दोन आकडे, एक आपल्या सुखाचा, एक दुसऱ्याच्या. दहापैकी मार्क. मनापासून विचारलं आणि घेतला, तर दोघांना आठ-आठ. उगाच विचारलं आणि घेतला, तर सरांना पाच आणि त्याला उणे दोन. एवढं होईस्तोवर चहा थंडगार. वरठीच्या लोकांनी पुढे पुढे विचारणंच सोडून दिलं. तेव्हा सर मला म्हणाले, "पाह्यलं? उगाचच विचारत होते."

ते भंडाऱ्याच्या एका कॉलेजात गणित शिकवायचे आणि राहायला वरठीला, स्टेशनच्या मागे. दोन खोल्यांचं कौलारू घर. एकीत ते एकटे, दुसरी त्यांनी आम्हाला दिली होती, मला आणि भोजराजला. चौऱ्याहत्तर साली आम्ही दोघं बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. भोजराज करडीचा, घरी धानाची शेती, सहा फूट उंच आणि मनाचा मोकळा. मी साकोलीकडचा, काटकुळा आणि आतल्या गाठीचा. हे मी आज कबूल करतो, तेव्हा कुणी म्हटलं असतं तर भांडलो असतो.

सरांच्या या विद्येला ते 'खेळाचं गणित' म्हणत. आमच्या अभ्यासक्रमात ते नव्हतंच. नागपूरच्या लायब्ररीतून आणलेल्या जाड इंग्रजी पुस्तकातून त्यांनी ते एकट्यानं शिकून घेतलं होतं, आणि बोलायला कुणी नसल्यामुळे ते भिंतींवर, दारांवर, सायकलच्या सीटवर सोडवत बसत. लग्न झालेलं नव्हतं. मुलगी पाहायला गेले तेव्हा मुलीच्या बापाच्या अंगणात चौकट आखली आणि पाहुणे उठून गेले तरी यांचे आकडे चालूच, असं गावात सांगत. खरं-खोटं देव जाणे. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "आकडे बरोबर होते." बस्स, एवढंच.

त्यांचं एक वाक्य मला अजून पाठ आहे. "दोस्ती म्हणजे काय? दोघंही एकमेकाची वाट पाहतात, अन् दोघंही आपापल्या घरी बसतात."

आम्ही हसायचो. हसण्याचंच वय ते.

परीक्षा जवळ आली की आम्हा पोट्ट्यांमध्ये एक ठरलेली रीत होती. 'अभ्यास झाला का?' असं विचारलं, की छातीवर हात ठेवून सांगायचं, 'काहीच नाही झालं बा!' जो जास्त वाचायचा तो जास्त मोठ्यानं सांगायचा. मी आणि भोजराज एका खोलीत राहून हेच करत होतो. दुपारी तो म्हणे, "मी जरा गावातून चक्कर मारून येतो." मी म्हणे, "मीपण दोस्ताकडे जाऊन राहिलो." आणि मी गुपचूप स्टेशनच्या मुसाफिरखान्यात जाऊन पिशवीतलं पुस्तक काढून बसे. चांगले आठ दिवस असं चाललं. नवव्या दिवशी मुसाफिरखान्यातल्या नेहमीच्या बाकावर एक बाई पोरंबाळं घेऊन पसरली होती, म्हणून मी खांबाच्या पलीकडच्या बाकावर गेलो. तिथं भोजराज बसलेला! मांडीवर तेच पुस्तक, पान तेच. आठ दिवस एका खांबाच्या दोन बाजूंना आम्ही एकमेकांना चुकवत बसलो होतो.

"काबे, दोस्ताकडे गेलता ना?" तो म्हणाला.

"अन् तू? चक्कर झाली मारून?"

हसता हसता मुरकुंडी वळली आमची. ती बाईसुद्धा हसायला लागली. घरी येऊन सरांना सांगितलं, तर सर हसले नाहीत. खोलीच्या फरशीवर त्यांनी चौकट आखली. दोघांनीही घरी बसून सोबत वाचलं असतं, तर सात-सात. अडलेलं एकमेकाला विचारता आलं असतं, वर चहाही झाला असता. एकानं गप्पा मारल्या आणि दुसऱ्यानं चोरून वाचलं, तर चोराला नऊ आणि गप्पावाल्याला एक. आणि दोघांनीही चोरून वाचलं, तर चार-चार.

"तुमी दोघंही हुशार आहा," सर म्हणाले, "म्हणून चारवर आले. मूर्ख असते तर सातवर राह्यले असते. दुसरा आपल्याले फसवंल, या भीतीनं माणूस आधी फसवतो. सारा खेळ त्या भीतीचा आहे."

मला ते फार आवडलं. खरं सांगायचं तर त्यातलं 'नऊ' तेवढं आवडलं. पोरगं गुरूकडून काय उचलेल याचा काही नेम नसतो.

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. दुपारी बाजार, मोरपिसांची उंच ढाल घेऊन नाचणं, झुले, जिलबी, आणि मग रात्रभर दंडारीचं नाचगाणं नाहीतर नाटक. पण मंडई म्हणजे काही नुसता बाजार नव्हे, मंडई म्हणजे पाहुणे. तुम्ही माझ्या मंडईला आलात, की मी तुमच्या मंडईला येणार, चुकलो तर तुम्हीही चुकणार. मंडईच्या दिवशी ज्याच्या ओसरीवर चार पाहुणे नाहीत, त्याला त्या दिवशी गावात मान वर करून फिरता येत नाही.

त्या वर्षी करडीच्या मंडईनंतर तीनच दिवसांनी आमची सहामाही होती. भोजराज म्हणाला, "मायले सांगून ठेवलं, दोस्त येऊन राहिला म्हणून. दोघंही जाऊ, दोघंही दुसऱ्या दिवशी वापस येऊ. तुह्याही तेवढाच अभ्यास बुडंल, माह्याही तेवढाच. बोल, पक्कं?"

मी म्हटलं, "पक्कं."

आणि गेलो सरांकडे. म्हटलं, सर, जरा चौकट मांडून द्या. त्यांनी खडू काढला, दोन रेघा ओढल्या, 'मंडई' हा शब्द लिहिला आणि थांबले. मग तळहातानं सगळं पुसून टाकलं. खडू वाया घालवणारा माणूस नव्हता तो. पण म्हणाले, "जा तू. हे नको टाकू यात. गपचूप जा."

आता गुरू गप्प बसला म्हणून शिष्य थोडाच गप्प बसतो! मी स्वतःच मांडली चौकट. भोजराजचे दोन दिवस बुडणार हे तर नक्की. मग माझे न बुडले तर? नऊ! सकाळी बसस्टॉपवर त्याला म्हटलं, "तू हो पुढं. माह्यं थोडं काम आहे, दुपारच्या बसनं येतो." तो निघाला. खिडकीतून ओरडला, "लवकर येजो, माय वाट पाहील!" मी हात हलवला. खोलीवर येऊन दार लावलं आणि पुस्तक उघडलं. एवढं निर्लज्ज काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि त्यानंतर करायची गरज पडली नाही, कारण करायला दोस्तच उरला नाही.

दुपारी सर कॉलेजातून आले. मला पाहून दारातच थबकले.

"तू इथं कसा?"

मी काहीतरी पुटपुटलो. सरांचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं यांना चक्कर येते आहे. ते उंबरठ्यावरच बसले. आणि त्या दिवशी, पहिल्यांदा आणि शेवटचं, त्यांनी मला मोतीरामची गोष्ट सांगितली.

नागपूरच्या होस्टेलात सर आणि मोतीराम एका खोलीत होते. दोघंही तुमसर तालुक्यातले. सर बपेऱ्याचे, मोतीरामचं गाव तिथून सायकलनं तासाभराच्या वाटेवर. दोघंही गणितात तेज. शेवटच्या वर्षी ठरलं, की बपेऱ्याच्या मंडईला सोबत जायचं. सर म्हणाले, तू हो पुढं, मी उद्या येतो. मोतीराम गेला. सर गेलेच नाहीत. मोतीराम सरांच्या घरी, सरांच्या मायच्या हातचं जेवत दोन दिवस राहिला, आणि सर नागपुरात रट्टा मारत बसले. पुढे परीक्षेत सर पहिले आले. मोतीराम नापास झाला, सामान बांधून गावी गेला, तो परत आला नाही.

"दोन दिवसांनी कोणी नापास होत नाही, सर," मी म्हटलं. खरं म्हणजे ते मी स्वतःलाच सांगत होतो.

"मलेही माहीत आहे ते. पण तो माह्या घरी होता अन् मी नव्हतो. त्याची नजर दिवसभर रस्त्यावर असंल का नाही? माय तर मरेपर्यंत म्हणे, 'तुह्या दोस्त आला, तू नाही आला. दोन ताटं वाढून बसली होती मी.' त्यानंतर मोत्यानं मले एक पत्र नाही टाकलं. मीही नाही टाकलं. कोणत्या तोंडानं टाकू?"

मी पुस्तक मिटलं. अजूनही बस होती, जाता आलं असतं. पण आता उशिरा जाऊन काय सांगू, या लाजेनं मी बसूनच राहिलो. भोजराज दुसऱ्या दिवशी आला. हातात कापडात बांधलेला डबा. वडे होते आणि वर उकडलेले शिंगाडे.

"मायनं देल्ले," तो म्हणाला. "सारखी दारात येऊन पाहे. खा."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्या परीक्षेत मी पहिला आलो. होळीच्या आधी भोजराजनं भंडाऱ्यात खोली केली. पुढे डिग्री घेऊन तो करडीला शेती पाहायला गेला. भेटला तर 'काय बे, कसा?' एवढं बोलायचा, पण मंडईला बोलावलं नाही. मीही गेलो नाही. बोलावल्याशिवाय कसं जायचं, असं मी स्वतःला सांगत आलो आहे.

खोलीत मी आणि पलीकडे सर, असे आम्ही पुढची दोन वर्षं राहिलो. तेव्हा मला सरांच्या वर्षातल्या एका ठरलेल्या दिवसाचा पत्ता लागला. मोतीरामच्या गावची मंडई कधी, हे सरांना दरवर्षी कसं कळायचं कोण जाणे, पण कळायचं. त्या दिवशी ते धुतलेलं धोतर नेसत, एरवी पायजमा. पिशवीत पेढ्यांचा पुडा ठेवत. स्टेशनवर जाऊन तुमसर रोडचं तिकीट काढत आणि बाकावर बसत. गाडी येई. लोक मुंडावळ्यागत गजरे लावलेल्या लेकीबाळी घेऊन चढत, ज्याला त्याला कुठल्या ना कुठल्या मंडईला जायचं असे. सर बाकावर खडूनं चौकट मांडत. मी गेलो आणि तो बोलला. मी गेलो आणि तो नाही बोलला. मी नाही गेलो आणि तो वाट पाहत होता. मी नाही गेलो आणि तो पाहत नव्हता. गाडी सुटे. सर घरी येऊन पेढे मला देत आणि पायजमा घालून पेपर तपासायला बसत.

एकदा मी म्हटलं, "सर, जाऊन या ना एकदाचं. काय होईल फार तर?"

"मी गेलो, अन् त्यानं चारचौघांत ओळख नाही देल्ली, तर?" सर म्हणाले. "त्या खणात उणे दहा आहेत. नाही गेलो तर नुसतं शून्य. शून्यात माणूस जगू शकतो रे. मी जगून राहिलो ना?"

मला रडू आलं होतं, पण मी पेढा खाल्ला.

मी तुमसरला पाटबंधारे खात्यात चिकटलो. अधूनमधून वरठीला उतरून सरांना भेटायचो. दरवेळी ते जरा जास्त वाकलेले, खिसा तसाच पांढरा. बोलताना आता वाक्यं अर्धवट सोडू लागले होते. एकट्या माणसाला वाक्य पूर्ण करायची सवय राहत नाही, असं मला वाटतं. ब्याऐंशी साली मी गेलो तेव्हा त्यांनी मलाच दोनदा विचारलं, "तू मनापासून आला, का वाटेत होतं म्हणून?" मी बाहेर येऊन मनातल्या मनात म्हटलं, बस झालं. हा माणूस असाच बाकावर मरून जाईल.

त्या वर्षी मोतीरामच्या गावच्या मंडईला मी रजा टाकली आणि सकाळीच वरठी स्टेशनवर हजर झालो. सर धोतर नेसून बाकावर होतेच. चौकटही अर्धी झाली होती. गाडी आली तशी मी त्यांचा दंड धरला.

"अरे, आकडे भराचे आहेत अजून!"

"तिथं जाऊन भरू. उठा."

आणि मी त्या पन्नाशीतल्या प्रोफेसराला अक्षरशः डब्यात कोंबलं. त्यांचं वजन किती कमी होतं ते तेव्हा कळलं. तुमसर रोडपासून पुढे बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून पुटपुटत होते. मी कान दिला. माफीची तयारी चालली होती. 'मोतीराम, मी तुझा गुन्हेगार आहे,' असं सुरू व्हायचं, मग खोडायचं, मग 'मोत्या, माह्यं चुकलं.' उतरल्यावर म्हणाले, "परतीची बस कधी आहे?"

मोतीरामचं अंगण माणसांनी भरलं होतं. पंगत चालू होती. मोतीराम म्हणजे बनियन घातलेला, पोट सुटलेला, हातात वाढायची बादली घेतलेला हसरा माणूस. सर फाटकाशी उभे राहिले, पिशवी छातीशी धरून. मोतीरामनं वर पाहिलं. एक क्षण डोळे बारीक केले.

"अबे!" मोतीराम ओरडला. "तू आला होय? मंग उभा कायले तिथं पाहुण्यासारखा? पंगत उठून राहिली ना!"

बादली कुणाच्या तरी हातात देऊन त्यानं सरांना मिठीच मारली. बायकोला हाक मारली, "पाह्य वं, कोण आला! मी सांगतो ना तो बपेऱ्याचा, तो!" बाई हसत बाहेर आली. "या भाऊजी," म्हणाली. "तुमचं लय आयकलं याईच्या तोंडून."

सरांना ओसरीवर बसवलं. पाणी दिलं. सरांनी ते नुसतं हातात धरलं आणि खालमानेनं सुरुवात केली. "मोत्या, माह्यं चुकलं. ते बपेऱ्याच्या मंडईचं... तू कधी पत्र नाही टाकलं, मी समजलो..."

"पत्र? मी अन् पत्र?" मोतीराम हसला. "तू तिकडं मोठा प्रोफेसर झाला. मी कायले तुह्या दारात येऊ? मनलं, याले वाटंल तवा येईल. अन् मले तर नापास होऊन सुटल्यासारखंच झालं होतं बे! माह्या जीव इथंच होता." मग त्याला आठवलं. "हाव, बपेऱ्याची मंडई! अगाई!" तो पाहुण्यांकडे वळला. "आयका हो. आमी दोघं होस्टेलातून पळून गेलतो मंडईले, याच्या गावच्या! काय मजा केली म्हणता! याच्या मायनं दोघाईले ताटं वाढली, मी याच्या ताटातले वडे पळवले. मंग ढाल निघाली, अन् त्या नाचात लोकाईनं याले ओढलं. नाही नाही म्हणे, अन् मंग असा नाचला, असा नाचला!"

पाहुणे खदखदून हसले. या सुकलेल्या माणसाला नाचताना कल्पून हसले.

मी सरांकडे पाहिलं. उत्तरपत्रिकेत पायरी चुकली तर अर्धा मार्कसुद्धा न सोडणारा माणूस. 'मी तिथं नव्हतो,' असं ते आता म्हणणार, म्हणून मी मान खाली घातली. मला ते ऐकायचं नव्हतं. पण ते काहीच बोलले नाहीत. मोतीराम बोलतच होता.

"अन् याची माय! पदर तोंडाले लावून हसून राहिली होती, याचा नाच पाहून."

"माय हसली?" सर म्हणाले.

"हसली म्हणजे! डोळ्याले पाणी आलं तिच्या हसून हसून. विसरला का बे तू?"

"नाही," सर म्हणाले. "नाही विसरलो."

हातातलं पाणी त्यांनी खाली ठेवलं, आणि मोतीरामच्या जवळ सरकून बसले, अगदी गुडघ्याला गुडघा लावून.

"सांग ना मोत्या," ते म्हणाले. "माय हसली, मंग? मंग मी काय म्हटलं तिले?"